जुन्या डिझेल गाडीची टाकी गळायला लागली की

गणपती उरकले, पाऊस ओसरला आणि माझ्या सुमोखाली फरशीवर तळहाताएवढा डाग दिसायला लागला. पाण्याचा डाग ऊन चढलं की वाळतो, हा वाळेना. बोट लावून वास घेतला, डिझेल. गाडी २००२ची, नंबर एमएच-०८, म्हणजे सगळं आयुष्य रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत आणि तांबड्या चिखलात गेलेलं. सुमो १९९४ साली बाजारात आली तेव्हापासून कोकणातल्या कितीतरी घरांत तिने लग्नाची वऱ्हाडं, आंब्याच्या पेट्या आणि दवाखान्यात न्यायचे पेशंट वाहिलेत. त्यातल्या बऱ्याच गाड्या अजून धावतात आणि त्यांच्या पत्र्याच्या टाक्या आता एकामागून एक जीव सोडायला लागल्यात. म्हणून हा विषय नीट समजून घेण्यासारखा आहे. उदाहरण माझ्या सुमोचं देतो आहे, पण बोलेरो, जुनी जीप, कुठलीही चॅसीवाली (खाली वेगळा लोखंडी सांगाडा असलेली) डिझेल गाडी असली तरी तत्त्व तेच.

सगळ्यात आधी, खाली ठिबकतंय म्हणजे टाकीच फुटली असं धरून चालू नका. डिझेल पाण्यासारखं सरळ खाली पडत नाही. ते पत्र्यावरून सरपटत जातं, वाटेत धूळ धरतं आणि मूळ जागेपासून हातभर लांब कुठेतरी थेंब सोडतं. गाडी चालू असली की वाऱ्यानं आणखी पसरतं. मी काय केलं, टाकी, तिचे पट्टे आणि वरचे सगळे पाईप फडक्यानं कोरडे पुसले, आणि त्यावर घरातली पांढरी रांगोळी फुंकरीनं उडवली. गाडी रात्रभर सपाट जागी तशीच उभी. सकाळी टॉर्च लावून पाहिलं तर पांढऱ्या थरात एक करड्या रंगाची ओली रेघ स्पष्ट उमटलेली, मागच्या पट्ट्याच्या बरोबर कडेनं. रेघेचं वरचं टोक जिथं, तिथं गळती.

आणखी एक सोपी खूण आहे. टाकी फुल केली की ठिबकते आणि पाव टाकी संपली की आपोआप थांबते, असं होत असेल तर दोष वरच्या बाजूला: भरायच्या नळीचा रबरी पाईप, हवेचा पाईप किंवा फ्लोटच्या (काट्याला पातळी सांगणाऱ्या तरंगत्या भागाच्या) झाकणाखालचं गॅस्केट. हे शे-दोनशे रुपयांचं काम असू शकतं. गळती ज्या पातळीला थांबते, भोक साधारण त्या उंचीला असतं. आणि टाकी कितीही रिकामी झाली तरी ठिबकायचं थांबत नसेल, तर तळ गेला.

टाकीत काय काय असतं

बाहेरून डबा दिसतो, पण आतबाहेर करणाऱ्या वाटा मोजल्या तर चार निघतात. एक भरायची. दुसरी ओढायची: ही नळी जवळपास तळापर्यंत जाते, पण तळाला टेकत नाही. तळाचा गाळ ओढला जाऊ नये म्हणून थोडी वर थांबते आणि तिच्या टोकाला जाळी असते. तिसरी परतीची. चौथी हवेची.

परतीची नळी का, हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. डिझेल इंजिनाचा पंप जितकं जळायला लागतं त्यापेक्षा जास्त डिझेल मागवतो. जादाचं डिझेल पंपातून आणि इंजेक्टरमधून फिरतं, त्यांना वंगण देतं, त्यांची उष्णता घेतं आणि टाकीत परत येतं. रोटरी पंपाला तर वेगळं ऑइल नसतंच, डिझेल हेच त्याचं ऑइल. म्हणजे टाकीतलं डिझेल एकदाच वापरून संपत नाही. तेच डिझेल पुन्हा पुन्हा टाकी, फिल्टर, पंप असं फेऱ्या मारतं आणि दर फेरीला टाकीतली घाण फिल्टरच्या दारात आणून टाकतं. टाकी खराब असेल तर फिल्टर कितीही बदला, महिन्याभरात पुन्हा काळा.

हवेची वाटही तितकीच महत्त्वाची. डिझेल बाहेर गेलं की त्याच्या जागी हवा आत यायला हवी. ती वाट मातीनं किंवा कुंभारमाशीच्या घरट्यानं बुजली (आमच्याकडे हे नेहमी होतं) की टाकीत निर्वात तयार होतो. गाडी तासभर छान चालते, मग दम सोडते. अशा वेळी झाकण उघडताना जोरात ‘फुस्स’ आवाज होऊन हवा आत ओढली गेली, तर टाकी, पंप कशालाच हात लावायची गरज नाही. हवेचा पाईप मोकळा करा.

टाकीच्या आत उभे पडदेही असतात. मोठी टाकी अर्धी भरलेली असताना ब्रेक मारला की पंचवीस-तीस किलो डिझेल एकदम पुढं धावतं. पडदे ती लाट मोडतात. घाटातल्या वळणांवर ओढायच्या नळीचं तोंड उघडं पडू नये, हेही त्यांचंच काम.

सडते कशी

दोन बाजूंनी. बाहेरून आणि आतून.

बाहेरची गोष्ट डोळ्यांना दिसते. टाकी दोन लोखंडी पट्ट्यांनी चॅसीला आवळलेली असते आणि पट्टा व टाकी यांच्यामध्ये रबराची पट्टी असते. या रबराखाली चिखल शिरतो. पाऊस गेला, रस्ते वाळले, तरी ती फट ओलीच राहते. समुद्राकाठची हवा असेल तर त्या ओलीत मीठही असतं. उघडा पत्रा गंजतो पण निदान वाळतो तरी. झाकलेला पत्रा वर्षभर भिजत पडतो. म्हणून भोक बहुतेक वेळा पट्ट्याखाली पडतं किंवा दोन अर्ध्या जोडलेल्या कडेच्या शिवणीत. माझ्या टाकीचा पट्टा सोडला तेव्हा त्याखालचा पत्रा बिस्किटासारखा पापुद्र्यांनी सुटत होता. बाजूला दोन बोटांवर मात्र कंपनीचा काळा रंग जसाच्या तसा.

आतून सडणं जास्त वाईट, कारण ते दिसत नाही आणि नुकसान टाकीपुरतं राहत नाही. अर्धी टाकी ठेवून गाडी उभी राहिली की उरलेल्या अर्ध्या जागेत हवा असते. दिवसा ती तापते, फुगते, बाहेर जाते. रात्री आकसते आणि बाहेरची दमट हवा आत ओढते. थंड पत्र्यावर त्या हवेतलं बाष्प थेंब होऊन साचतं. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे तळाशी जाऊन बसतं आणि तिथून पत्रा खायला लागतं. पाणी आणि डिझेल जिथं एकमेकांना भेटतात त्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात. ते राहतात पाण्यात आणि जेवतात डिझेल. त्यांच्या वाढीतून चिकट साय तयार होते, आम्लं तयार होतात आणि गंजायला आणखी हात लागतो. यातली एक बुरशी इतकी जुनी ओळखीची आहे की तिला ‘रॉकेल बुरशी’ म्हणूनच ओळखतात. जेट विमानांच्या टाक्यांनाही तिनं छळलेलं आहे.

टाकी उतरवायच्या आदल्या दिवशी मी तळाचं डिझेल लोणच्याच्या काचेच्या बरणीत काढून रात्रभर हलवू न देता ठेवलं. सकाळी बरणीत तीन थर वेगळे झाले होते. वर मधासारखं पिवळं, स्वच्छ डिझेल. तळाशी दोन बोटं गढूळ पाणी, त्यात गंजाचा तांबडा रवा. आणि दोन्हींच्या मध्ये, चहावरच्या सायीसारखा, करडा-तपकिरी पडदा. बरणी तिरकी केली की तो फाटायचा नाही, नुसता लवायचा. काडीनं उचलला तर दोरीसारखा लोंबला. ही बरणी कुणालाही दाखवावी. टाकी का बदलायची याचं वेगळं स्पष्टीकरण द्यावं लागत नाही.

हीच साय जाळीला जाऊन चिकटते. मग गाडी एक विचित्र खेळ करते: चढावर दम तोडून बंद पडते, दहा मिनिटं उभी केली की पुन्हा सुरू होते, काही मैल नीट जाते, पुन्हा बंद. इंजिन चालू असताना ओढीनं साय जाळीवर चापून बसते. इंजिन थांबलं की ओढ संपते आणि ती सुटून खाली पडते. मेकॅनिक पंपावर संशय घेतात, पंप उतरवून कॅलिब्रेशनला (माप जुळवायला) पाठवतात, खर्च होतो आणि दुखणं तसंच. काही जण जाळीच काढून फेकतात. मग गाडी चालते खरी, पण घाण पुढं सरकते. पंपाच्या प्लंजरची (डिझेल दाबणाऱ्या दांड्याची) फट दोन-तीन मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या दोन-तीन हजारांश असते, माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. तिथं गंजाचा एक रवा आणि पाण्याचा एक थेंब काय करत असेल याचा अंदाज बांधा.

डाग मारायचा की बदलायची

पहिला सल्ला सगळीकडे एकच मिळतो: ‘वेल्डिंग मारून घ्या.’ हा सल्ला जीवघेणा असू शकतो, म्हणून इथं थोडं थांबतो.

‘डिझेलला काडी लावली तरी पेटत नाही’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. थंड, उघड्या भांड्यातल्या डिझेलबद्दल ते बरंचसं खरं आहे. टाकीची गोष्ट वेगळी. इंधनाची वाफ ठिणगीनं पेट घेण्याइतकी जमायला जे किमान तापमान लागतं त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. भारतीय मानक आयएस १४६० प्रमाणे डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ३५ अंश म्हणजे आपल्याकडची एप्रिलमधली दुपार. वेल्डिंगच्या ज्योतीखाली पत्रा किती तापतो हे सांगायलाच नको. आणि ‘टाकी पूर्ण रिकामी केली’ म्हणून भागत नाही. शिवणीत, गंजाच्या पापुद्र्याखाली, पडद्यांच्या कोपऱ्यात डिझेल उरतंच. ६५ लिटरच्या बंद टाकीत हवा-वाफेचं स्फोटक मिश्रण व्हायला साधारण एक चहाचा चमचा डिझेलची वाफ पुरते. भरलेली टाकी पेटते, रिकामी टाकी फुटते.

जुने रेडिएटर-टाकीवाले कारागीर टाकी धुऊन, वाफेनं साफ करून, भोकापर्यंत पाण्यानं भरून मग डाग मारतात, म्हणजे भोक झाळतात. त्यांचं ते रोजचं काम आहे आणि वाफेची जागा पाण्यानं व्यापणं यामागं कारणही आहे. पण असा अनुभवी माणूस नसेल तर गल्लीतल्या गेट-ग्रिलवाल्याकडे वापरलेली टाकी कधीही नेऊ नका. घरी तर नाहीच.

भोक एकच असेल आणि आजूबाजूचा पत्रा टणक असेल तर जाणकाराकडून डाग मारून घ्यायला हरकत नाही. कसं ओळखायचं? स्क्रूड्रायव्हरची मूठ सगळीकडे हलकेच ठोकत जा. चांगला पत्रा ‘टण्’ म्हणतो, सडलेला ‘थप्’. दोन-तीन ठिकाणी ‘थप्’ आलं की डागाचे पैसे वाया. एपॉक्सी पुटी ही रस्त्यात अडकल्यावर घरी पोचण्यापुरती, तेवढीच तिची किंमत.

नवी टाकी कुठली

कंपनीची नवी मिळाली तर प्रश्नच नाही. जुन्या मॉडेलची मिळत नाही हीच तर अडचण असते. मग दोन वाटा. एक, मोडीत निघालेल्या गाडीची टाकी: मुंबईत कुर्ल्याचं भंगार मार्केट, पुण्यात जुना बाजार. अशी टाकी घेताना भरायच्या तोंडातून टॉर्च टाकून आत पाहा, उलटी करून ठोका, काय पडतं ते पाहा. समुद्रकाठच्या गाडीपेक्षा घाटावरच्या कोरड्या भागातली टाकी घेणं केव्हाही बरं.

दुसरी वाट, बनवून घेणं. कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या ठिकाणी पत्र्याचं कुठलंही काम होतं आणि उत्तम होतं. फक्त काय हवं ते आपण नीट सांगायला हवं. जीआय (जस्ताचा थर दिलेला) पत्रा नको. ‘गंजत नाही’ म्हणून लोक आवर्जून जीआयची टाकी करून घेतात. पण त्यावरचा जस्ताचा थर डिझेलमधल्या आम्लांशी मिसळून साबणासारखा चिकट पदार्थ करतो आणि तो फिल्टर व इंजेक्टरमध्ये जाऊन बसतो. तांब्या-पितळेच्या नळ्या आत नकोत, तांब्यानं डिझेल लवकर खराब होतं. आतले पडदे हवेतच, खालून थोडी मोकळी जागा ठेवून. तळाशी ड्रेन नट हवा. ओढायची नळी जुन्या टाकीतल्या मापाचीच, परतीचीही. आणि टाकीचा आकार ‘थोडा मोठा करून’ घ्यायच्या मोहात पडू नका. जुनी टाकी बसवताना सायलेन्सर आणि प्रॉपेलर शाफ्टपासून जी जागा सोडली होती तिला अर्थ आहे.

बनवलेली टाकी गाडीला लावण्याआधी गळती तपासायची, साबणाच्या पाण्यानं. कंप्रेसरची नळी लावू नका. सपाट पत्र्याची टाकी दाब सोसायला केलेलीच नसते. ६० बाय ४० सेंटिमीटरची एक बाजू धरा. आत फक्त ०.२ बार (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब) दाब झाला तरी त्या एका बाजूवर जवळपास ४९० किलोचा रेटा येतो. टायरमधला दाब याच्या दसपट असतो, कंप्रेसरमधला त्याहून कितीतरी जास्त. टाकी ढोलासारखी फुगते आणि शिवण उलते. सगळी तोंडं बंद करून सायकलच्या हातपंपाचे दोन-तीन हलके झटके दिले की पुरे, बुडबुडे दिसायचे तर तेवढ्यात दिसतात. तपासून झालं की दोन लिटर स्वच्छ डिझेल आत घालून खळखळवा आणि पांढऱ्या फडक्यातून गाळून काढा. नव्या टाकीतून वेल्डिंगचे मणी आणि लोखंडाचा कीस निघतोच. फडकं स्वच्छ निघेपर्यंत हे करायचं.

उतरवणं

डिझेल लिटरला ८३०-८४० ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे ६५ लिटरची टाकी फुल असताना नुसतं डिझेलच ५४ किलो, वर लोखंडाचं वजन. म्हणून टाकी शेवटच्या पाच लिटरवर आणूनच काम काढा आणि उरलेलं ड्रेन नटमधून स्वच्छ कॅनमध्ये घ्या. गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर, चाकांना दगड, बॅटरीची निगेटिव्ह तार सुटी. गाडी उचलायची असेल तर नुसत्या जॅकवर खाली शिरू नका, घोडे (लोखंडी स्टँड) लावा. जवळ विडी-सिगारेट नाही, हॅलोजनचा गरम दिवा नाही, जनरेटर नाही. लाकडाचा भुसा हाताशी ठेवा, सांडलं की लगेच टाकायला. हातमोजे घाला. डिझेल कातडीतलं तेल ओढून घेतं, दिवसभर हात भिजले की आठवडाभर सोलतात.

पाईप काढण्याआधी प्रत्येकावर वेगळ्या रंगाची टेप लावा आणि मोबाइलवर फोटो काढा. हे का, ते पुढं सांगतो. रबरी पाईप जुने असतील तर ओढून काढायच्या भानगडीत पडू नका, ब्लेडनं लांबीत चीर देऊन काढा. ओढताना लोखंडी नळी मोडली तर काम तिप्पट. सुटलेल्या प्रत्येक तोंडात लगेच बूच मारा, चिंधी नाही. चिंधीचा धागा आत गेला तर तो थेट फिल्टरला सापडतो.

पट्ट्यांचे बोल्ट हा खरा झगडा. आदल्या दोन रात्री गंजमोकळं तेल मारून ठेवलं तर निम्मं काम झालं. गॅस कटर लावायचा नाही, शेजारी टाकी आहे. नाहीच सुटला तर हातकरवतीनं कापा. टाकीखाली फळी, फळीखाली ट्रॉली जॅक, मग पट्टे सोडा आणि एक वीत खाली घ्या. पूर्ण खाली आणायच्या आधी वरून फ्लोटची वायर आणि हवेचा पाईप सुटलाय ना ते हात घालून पाहा. हे दोन नेहमी विसरतात आणि ताणून तुटतात.

टाकी खाली आली की चॅसीचा तो भाग वीस वर्षांत पहिल्यांदा उघडा पडलेला असतो. ही संधी सोडू नका. तारेच्या ब्रशनं घासा, प्रायमर मारा, रंग मारा. टाकीपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या लोखंडी नळ्यांवरूनही हात फिरवा. क्लिपांखाली त्या आतूनबाहेरून गेलेल्या असतात. नव्या टाकीला जुन्या सडक्या नळ्या जोडल्या तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हेच.

बसवणं आणि माझी चूक

रबरी पाईप सगळे नवे, डिझेलसाठीच बनलेले. मातीत पाणी सोडायच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळ्या डिझेलनं काही महिन्यांत काचेसारख्या कडक होऊन तडकतात. जुने पाईप ‘अजून चांगले दिसताहेत’ तरी बदला. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ (प्रदूषणाचं नवं मानक) डिझेल मिळतं, त्यात गंधक दहा लाखात १० भागांवर आणलंय. बीएस-४ मध्ये ते ५० होतं आणि माझी गाडी बनली तेव्हा त्याहून पुष्कळ जास्त. गंधक काढताना डिझेलची घडणही बदलते आणि जुन्या इंधनात फुगून बसलेली रबरी सीलं नव्या इंधनात आकसतात. वीस वर्षं न गळलेला जोड अचानक पाझरायला लागतो तो यामुळंही.

फ्लोटच्या झाकणाला साधं सिलिकॉन फासू नका. डिझेलमध्ये ते फुगतं, सुटतं आणि त्याचे तुकडे जाळीत जातात. इंधन सोसणारं गॅस्केट मापात कापून लावा. पट्ट्याखाली नवी रबरी पट्टी, पण टाकीवर आधी रंगाचे दोन थर. नव्या टाकीला सगळीकडून छान रंग मारला की काटा चुकीचं दाखवायला लागतो, हेही लक्षात ठेवा. फ्लोटला अर्थिंग टाकीच्या पत्र्यातून मिळत असेल तर रंगानं ते तुटतं. एका बोल्टखालचा रंग खरवडा किंवा चॅसीपर्यंत वेगळी अर्थिंग वायर ओढा.

आता ती टेप. मी आणि आमच्या भागातले एक जुने फिटर, दोघांनी मिळून टाकी बसवली. संध्याकाळ झालेली, उजेड कमी. दोन्ही नळ्यांची तोंडं सारख्याच जाडीची. फिटरकाका म्हणाले, “भाऊ, डावी ओढायची ना?” मी म्हणालो, “हो, डावीच.” टेप लावलेली नव्हती. टाकी फुल केली, गाडी एका झटक्यात सुरू झाली, कोल्हापूरला जाऊन आलो, काही तक्रार नाही. दुसऱ्या फेरीला साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागलो आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर इंजिन खोकून बंद पडलं. काटा अर्ध्याच्या वर. मागं एसटी, पुढं ट्रक.

झालं असं होतं की पंप ओढत होता परतीच्या नळीतून. परतीची नळी टाकीत वरच्या भागातच संपते, तिला तळापर्यंत जायची गरज नसते. टाकी भरलेली होती तोवर तिचं तोंड डिझेलमध्ये बुडालेलं होतं आणि सगळं ठीक वाटत होतं. पातळी उतरली, त्यात चढावर डिझेल मागं सरकलं आणि नळीचं तोंड उघडं पडून पंपाला निव्वळ हवा मिळाली. म्हणून टाकी बसवल्यावर पहिली चाचणी फुल टाकीवर घेऊ नका. दहा लिटर घाला आणि घराजवळच्या एखाद्या चढावर नेऊन पाहा. नळ्या उलट लागल्या असतील तर तिथंच कळेल.

हवा काढणं

टाकी बदलली म्हणजे लाइन रिकामी झाली, आणि रिकाम्या लाइनवर नुसता स्टार्टर मारत बसलं की बॅटरी जाते, स्टार्टर तापतो आणि वंगण नसलेला पंप कोरडा फिरतो. फिल्टर नवा घाला, त्यात स्वच्छ डिझेल आधीच भरून. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू दोन आटे सैल करा आणि गाडीचा डिझेल ओढायचा हातपंप मारत राहा. आधी नुसती हवा, मग फेस, मग बुडबुड्यांसकट डिझेल, मग सलग धार. सलग धार आली की पंप मारता मारताच स्क्रू आवळा. हातपंप घट्ट लागायला लागला की समजा लाइन भरली.

तरी सुरू झाली नाही तर इंजेक्टरच्या एक-दोन नळ्यांचे नट अर्धा आटा सैल करून कुणालातरी स्टार्टर मारायला सांगा, दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये विश्रांती. नटाभोवती जाड फडकं धरा आणि बोट जवळ नेऊ नका. तिथला दाब शंभर बारच्या वर जातो. ती बारीक धार कातडी भेदून आत शिरते, बाहेरून टाचणीएवढा ठिपका दिसतो आणि आत बोट सडायला लागतं. असं झालंच तर ‘दुखत नाही’ म्हणून घरी थांबायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर फिल्टर काढून पाहा. जुन्या नळ्यांत अडकलेली घाण नव्या टाकीच्या प्रवाहानं सुटून तिथं जमलेली असते. मी तो फिल्टर कापून उघडला, कागदाच्या घड्यांत तांबडी भुकटी होती. दुसरा फिल्टर हजार किलोमीटरनंतर उघडला, स्वच्छ. पट्ट्यांचे नटही याच वेळी पुन्हा आवळा, नवं रबर दबून ते सैल झालेले असतात. आता पावसाळ्यात मी दर पंधरा दिवसांनी पाणी वेगळं करणाऱ्या वाटीचा नट सोडून अर्धी वाटी बाहेर घेतो आणि गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरूनच ठेवतो.

राहिली जुनी टाकी आणि बरणीतलं ते घाणेरडं डिझेल. डिझेल गटारात किंवा विहिरीच्या आसपास ओतू नका. गॅरेजमध्ये जळकं ऑइल जमा करतात त्या पिंपात द्या. टाकी भंगारात जाणार, आणि भंगारवाला ती कापणार गॅस कटरनं. त्याला माहीत नसतं आत काय होतं. मी झाकण आणि फ्लोट काढून टाकले, सगळी तोंडं उघडी ठेवली, टाकी साबणाच्या पाण्यानं दोनदा धुतली, आठ दिवस उन्हात पालथी ठेवली. मग उरलेल्या पांढऱ्या ऑइलपेंटनं दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘डिझेलची टाकी. कटर लावू नका. आधी पाणी भरा.’ भंगारवाला आला तेव्हा त्याच्याकडूनही ते वाचून घेतलं. त्यानं वाचलं, टाकी उचलून टेम्पोत एका कडेला वेगळी ठेवली.